मॅन्युअल थेरपीची फेलोशिप: हातापेक्षा डोक्याचं शिक्षण

प्रश्न : ताई, मी नाशिकची. बीपीटीएच (फिजिओथेरपीची पदवी) आणि मस्क्युलोस्केलेटल, म्हणजे स्नायू-हाडांच्या, विषयात एमपीटीएच (पदव्युत्तर पदवी) झाल्यावर काही वर्षं क्लिनिकमध्ये काम केलं. मेटलंड आणि मुलिगन या हाताने उपचार करण्याच्या पद्धतींचे शनिवार-रविवारचे कोर्सही केलेत. लग्नानंतर आता टेक्ससला जाते आहे. तिथे अशा हाताने करायच्या उपचारांची, म्हणजे मॅन्युअल थेरपीची, फेलोशिप असते असं कळलं. एमपीटीएचवर थेट प्रवेश मिळेल का? आणि एवढे कोर्स झाल्यावर तिथे नवीन असं काय शिकवतात? – अनघा

उत्तर : अनघा, थेट प्रवेश मिळणार नाही, हे आधीच सांगते. तिथे फेलोशिप ही सगळ्यात वरची पायरी आहे आणि खालच्या पायऱ्या चढाव्याच लागतात. आधी तुमच्या पदवीचं मूल्यमापन होईल, मग एनपीटीई ही फिजिओथेरपिस्टच्या परवान्यासाठीची परीक्षा. तिच्यात 200 ते 800 च्या मापावर 600 मिळाले की पास. त्यानंतर राज्याचा परवाना. एवढं झाल्यावर ऑर्थोपीडिक रेसिडेन्सी (हाडं-सांध्यांच्या विषयातलं देखरेखीखालचं प्रशिक्षण) करा किंवा त्या विषयात 2000 तास प्रत्यक्ष पेशंट पाहून स्पेशालिस्टची बोर्ड परीक्षा द्या. फेलोशिपवाले साधारणपणे यातलं एक मागतात. भरपूर अनुभव असेल तर काही ठिकाणी स्वतंत्र विचार होतो, म्हणून पत्र लिहून विचारायला संकोच करू नका. एच-4, म्हणजे नोकरीवर आलेल्याच्या जोडीदाराच्या, व्हिसावर जात असाल, तर नोकरीची परवानगी केव्हा मिळेल ते निघण्याआधीच यजमानांच्या कंपनीच्या वकिलाकडून समजून घ्या. बहुतेक फेलो नोकरी करत करतच शिकतात. नोकरी नसेल तर पेशंट कुठून येणार?

आता तुमचा दुसरा प्रश्न. मला खरं तर त्यावरच बोलायचं आहे, कारण सांगलीहून इकडे ओहायोत आले तेव्हा माझ्याही मनात तोच होता. तुम्हाला बहुतेक तंत्रं येतात. पहिल्या ते चौथ्या ग्रेडचं मोबिलायझेशन, म्हणजे सांधा हाताने हळूहळू हलवणं, तुम्ही रोज करत असाल. फेलोशिपमध्ये थ्रस्ट मॅनिप्युलेशनची, म्हणजे सांध्याला झटकन छोटा धक्का देण्याची, पुष्कळ तालीम होते, हात नक्की सुधारतो. पण खरी किंमत आहे ती मेंटरच्या नजरेखाली पेशंट तपासण्याच्या तासांना. या विषयाची आंतरराष्ट्रीय संघटना, आयफॉम्प्ट, 1974 मध्ये माँट्रियलला स्थापन झाली. जेफ्री मेटलंड, फ्रेडी काल्टेनबॉर्न, स्टॅन्ली पॅरिस, ग्रेगरी ग्रीव्ह ही मंडळी तिच्या पायाशी होती. तिच्या निकषांत असे किमान 150 तास लागतात. पेशंट तुमचा, निर्णय तुमचा, आणि अनुभवी माणूस शेजारी बसून बघत असतो.

आता मी स्वतः मेंटर म्हणून बसते. त्यातला एक तास सांगते. चाळिशीतला ट्रक ड्रायव्हर होता. चार दिवसांपासून उजवीकडची मान आणि डोकं दुखत होतं. खोलीत जाण्याआधी मी शिकणाऱ्या मुलीला दारातच थांबवलं. "फॉर्म वाचलास ना? तीन शक्यता सांग." ती म्हणाली, "वरच्या मणक्याचा सांधा, स्नायू..." आणि जरा थांबून, "मानेतली रक्तवाहिनी." मी विचारलं, "तिसरी खोडून कशी काढशील?" आत गेल्यावर तिने आधी बीपी घेतलं. ते बरंच वाढलेलं होतं. मग विचारलं, "असं डोकं पूर्वी कधी दुखलंय?" तो म्हणाला, "असं कधीच नाही." तिने त्याला समोर बघायला सांगितलं. उजवी पापणी किंचित खाली आली होती आणि त्या डोळ्याची बाहुली लहान दिसत होती. ही मानेतल्या रक्तवाहिनीला इजा झाल्याची खूण असू शकते. तिने मानेला हातच लावला नाही. रुग्णवाहिका बोलावून त्याला इमर्जन्सीत पाठवलं. त्या भेटीत एकही तंत्र वापरलं गेलं नाही, आणि तो तास मी तिच्या 150 मध्ये पूर्ण धरला.

शिकताना अनेकांनी मान मागे वळवून धरायची आणि चक्कर येते का ते पाहायचं, अशी चाचणी केली असेल. तिच्यावर विसंबू नका. ती ठीक आली म्हणून रक्तवाहिनी ठीक आहे असं म्हणता येत नाही. मानेवर उपचार करण्याआधी काय पाहावं याबद्दल आयफॉम्प्टचा मार्गदर्शक आराखडा आहे, 2020 मध्ये तो सुधारला. इतिहास नीट घेणं, बीपी मोजणं आणि मेंदूच्या नसा तपासणं यांवर त्यात भर आहे. तो आजच वाचायला घ्या, त्यासाठी व्हिसा लागत नाही.

पगाराचं विचाराल, तर माझ्या पगारात लगेच काही फरक पडला नाही. पण अवघड पेशंट माझ्याकडे पाठवले जाऊ लागले. मला तेच हवं होतं.

प्रश्न : पुण्यात चार वीकेंडच्या कोर्सनंतर नावापुढे 'फेलो' लावता येईल असं सांगतात. फी भरावी का? – एक फिजिओथेरपिस्ट

उत्तर : कोर्स चांगला असू शकेल, नाव मात्र दिशाभूल करणारं आहे. अमेरिकेत मॅन्युअल थेरपीची अकादमी 1991 मध्ये स्थापन झाली. तिचा 'फेलो' होण्यासाठी मान्यताप्राप्त कार्यक्रम पुरा करावा लागतो आणि त्याला वर्ष, दोन वर्षं, कधी त्याहून जास्त लागतं. आयोजकांना सरळ विचारा : माझ्या पेशंटसोबत माझ्या शेजारी कोण बसणार, किती तास बसणार, आणि मी नापास होऊ शकतो का? तिसऱ्या प्रश्नावर गडबडले तर समजून घ्या. तंत्र शिकायचं असेल तर जरूर जा, पाटीवर 'फेलो' लिहू नका. पेशंट त्या शब्दावर विश्वास ठेवून मान तुमच्या हातात देतो.

प्रश्न : मुलगा फिजिओ आहे, पण माझी मान तो 'मोडून' देत नाही. सलूनमध्ये कट्कन आवाज आला की बरं वाटतं. मोठा कोर्स केलेला माणूस शोधू का? – कोल्हापूरचे एक वाचक, वय 68

उत्तर : काका, मुलगा बरोबर करतोय. त्या आवाजाने हाड जागेवर बसत नाही. 2015 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी बोटाचे सांधे एमआरआयमध्ये ओढून पाहिले. सांध्याचे पृष्ठभाग एकदम दूर होतात, आतल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते आणि त्याच क्षणी आवाज येतो. आवाज आला नाही तरी उपचार लागू पडतो. सलूनमध्ये मान मोडून घेणं मात्र आजपासून बंद करा, हे मी हात जोडून सांगते. तुमचं बीपी, तुमच्या गोळ्या, हाडं किती ठिसूळ झालीत, यातलं काहीही तिथे कुणी विचारत नाही. मुलाला म्हणा, "मला नीट तपास, आणि रोज घरी करायचे दोन व्यायाम लिहून दे." हातात मुंग्या येत असतील, पकड सैल पडत असेल किंवा चालताना तोल जात असेल, तर व्यायामाचीही वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.