गांडूळ कापून वाढत नाही, चपटा कृमी मात्र वाढतो

शेतकरी बंधू-भगिनींनो, खानापूर, बेळगाव आणि चिकोडी तालुक्यांतून तीन प्रश्न वारंवार येत आहेत. गांडुळे कापून टाकली तर दुप्पट होतात का, गांडूळखताच्या टाकीत दिसणाऱ्या पंख्यासारख्या डोक्याच्या लांब किड्याचे काय करावे, आणि रोटाव्हेटरखाली तुटलेली गांडुळे जगतात का?

थोडीशी गांडुळे चढ्या भावाने देऊन ‘घरी कापा, दोनाची चार होतील’ असे सांगणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास ठेवू नये. गांडुळाच्या तोंडाकडच्या भागावर जो फुगीर पट्टा दिसतो, त्याच्या बऱ्याच मागे तुटले तरच पुढचा भाग शेपूट पुन्हा वाढवू शकतो. ही नवी शेपूट बारीक आणि फिक्या रंगाची असल्याने सहज ओळखू येते. मागचा तुकडा काही वेळ वळवळतो, पण आपल्या टाकीतला असा तुकडा सहसा मरतोच. काही जातींत डोकेही पुन्हा येते, मात्र त्यावर धंदा उभा राहत नाही. गांडुळे वाढतात ती त्यांनी घातलेल्या अंड्यांच्या कोषांतून (ककून). त्यासाठी सावली, सतत ओल आणि पूर्ण थंड झालेले, अर्धवट कुजलेले शेण एवढेच लागते. कापू नये, टाकीत फावडे घालू नये, खत हाताने किंवा दाताळ्यानेच हलवावे. काढणीच्या चार-पाच दिवस आधी पाणी तोडून खताचा ढीग केला की गांडुळे आपोआप खाली जातात.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. जांबोटी, कणकुंबीकडच्या ओलसर भागात ओल्या गोणपाटाखाली सापडणारा, चिकट अंगाचा, अर्धचंद्राकृती डोक्याचा हा प्राणी म्हणजे जमिनीवरचा चपटा कृमी होय आणि तो गांडुळे खातो. त्याला खुरप्याने तोडणे ही सर्वांत मोठी चूक आहे. त्याच्या अंगभर मूलपेशी, म्हणजे कोणताही अवयव घडवू शकणाऱ्या पेशी, विखुरलेल्या असतात, त्यामुळे तुकड्यांतून नवे कृमी तयार होतात. काही जाती तर स्वतःच शेपटीचा तुकडा मागे सोडतात आणि साधारण दहा दिवसांत त्याला डोके फुटू लागते. याच्याच पाण्यातल्या भाऊबंदावर प्रयोग करून अमेरिकी जीवशास्त्रज्ञ थॉमस हंट मॉर्गन यांनी 1898 मध्ये दाखवले की, शरीराच्या 279 व्या हिश्श्याएवढ्या तुकड्यातूनही पूर्ण प्राणी उभा राहतो. म्हणून तोडू नये, ठेचू नये, चिरडून टाकीत सोडू नये. पहाटे गोणपाट उचलून काडीने किंवा हातमोजा घालून तो अख्खा उचलावा आणि टाकीपासून दूर, दाट मिठाच्या पाण्यात टाकावा. उघड्या हाताने धरू नये, कारण यातल्या काही जातींच्या अंगात विष असते. मीठ टाकीत कदापि टाकू नये, त्याने गांडुळेही मरतात.

दुकानातून या कृमीसाठी दाणेदार कीटकनाशक आणू नये, हे आवर्जून सांगतो. कार्बोफ्युरान गांडुळांना अत्यंत घातक आहे, आणि फोरेटवर तर 2020 अखेरपासून देशात बंदी आहे. कोणी जुना साठा पुढे केला तरी घेऊ नये. ‘थोडे जास्त टाका, लवकर फरक पडेल’ या सल्ल्याने कृमी राहतो बाजूला आणि टाकी रिकामी होते. गोगलगायीचे आमिषही निरुपयोगी आहे, कारण हा कृमी मांसाहारी असून आमिषातल्या कोंड्याकडे फिरकत नाही.

तिसऱ्याचे उत्तर वर आलेच आहे. रोटाव्हेटरचे दोन-तीन फेरे, तेही ओल्या वाफशात, म्हणजे गांडुळांची कत्तल. तुटलेले फार थोडे सावरतात. निपाणी, चिकोडीच्या ऊसकरी शेतकऱ्यांनी पाचट जाळू नये, एकाआड एक सरीत दाबून ठेवावे आणि मशागत कमी करावी. माझ्या पाहण्यात जमिनीतली गांडुळे टिकवण्यासाठी याहून स्वस्त उपाय नाही.

टाकीच्या अनुदानाबाबत उतारा, आधार आणि फ्रूट्स (कर्नाटक सरकारची शेतकरी नोंदणी) क्रमांक घेऊन आपल्या होबळीच्या (तालुक्यातील महसुली विभागाच्या) रयत संपर्क केंद्रात, म्हणजे कृषी खात्याच्या कार्यालयात, विचारावे. गांडुळे विकत घेताना ती अख्खी, चपळ आणि फुगीर पट्टा आलेली आहेत हे पाहावे, आणि टाकीत सोडण्यापूर्वी सोबत आलेल्या शेणमातीत चपटा कृमी नाही ना, हे बोटभर मातीसुद्धा पसरून तपासावे.