डोमेन कोणाच्या नावावर आहे ते आधी बघा

ताई, तुम्ही लालबागहून फराळाच्या ऑर्डरी घेता, आणि साइट करून देणारा म्हणतोय, "होस्टिंग संपलं, डोमेनही आमच्याकडेच, नवीन पॅकेज घ्या." यातला एक शब्द कळत नाही म्हणता. वाचून पोटात गोळाच आला. आमच्या गिरगावातल्या लग्नपत्रिकांच्या दुकानाचं हेच झालं होतं.

ब्राउझर वगैरे सोडून देतो, ते तुम्हाला येतंच. साइट ज्या कॉम्प्युटरवर असते तो सर्व्हर, आणि त्यावरच्या जागेचं भाडं म्हणजे होस्टिंग. सर्व्हरचा पत्ता आकड्यांचा, तो आयपी. आकडे कोण लक्षात ठेवणार, म्हणून नाव, ते डोमेन. नावावरून आकडा शोधून देतं ते डीएनएस, १९८३ पासूनची व्यवस्था. डोमेन एकीकडे आणि होस्टिंग दुसरीकडे ठेवता येतं, हे मात्र कोणी आपणहून सांगत नाही. "सगळं एकत्रच असतं" म्हटलं की गिऱ्हाईक बांधलं जातं.

डोमेन कायमचं विकत मिळत नाही. लीव्ह-लायसन्सच्या घरासारखं मुदतीवर मिळतं, डॉट कॉम एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी. म्हणून ते कोणाच्या खात्यात आहे, हाच खरा प्रश्न.

आमची साइट करून देणाऱ्या ऑफिसनं (नाव घेत नाही) पैसे आमचे घेतले आणि नोंदणी स्वतःच्या ईमेलवर केली. बिलावर नुसतं 'वेबसाइट चार्जेस'. तुळशीचं लग्न लागलं, पत्रिकांचा सीझन सुरू झाला आणि साइट बंद! फोन केला की "सर मीटिंगमध्ये आहेत." प्रत्यक्ष गेलो तर रिसेप्शनवरची मुलगी रजिस्टरमध्ये तक्रार उतरवून घ्यायची आणि चिठ्ठीवर नंबर द्यायची. रिन्यूअलच्या सूचना त्यांच्याच इनबॉक्समध्ये पडून होत्या. डॉट कॉम मुदतीनंतर रद्द झालं की ३० दिवसांचा रिडेम्प्शनचा काळ असतो, त्यात सोडवायचं तर जादा फी. तीही आमच्याच माथी मारली. वर कुलपाच्या चित्राचे, म्हणजे एसएसएलचे, दरवर्षी वेगळे पैसे. लेट्स एन्क्रिप्ट नावाच्या संस्थेकडून त्याचं सर्टिफिकेट फुकट मिळतं हो! आणि ते कुलूप फक्त मधल्या वाटेत माहिती कोणी वाचू नये यासाठी. दुकानदार सचोटीचा आहे याची हमी नाही.

तर आज 'हू इज' (Whois), म्हणजे डोमेनची नोंद दाखवणारी साइट, शोधा, त्यात डोमेन टाका. मालकाचं नाव बहुधा झाकलेलं असेल, पण रजिस्ट्रार, म्हणजे डोमेन नोंदवून देणारी कंपनी, कोण आणि मुदत कधी संपते ते दिसेल. मग साइट करून देणाऱ्याला मेलवरच लिहा, फोनवर नाही: डोमेन माझ्या खात्यात वळवा, नाहीतर ट्रान्सफरसाठी ऑथ कोड (डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायला लागणारा पासवर्ड) द्या. त्याचा रजिस्ट्रारच चालणार असेल तर तिथे तुमचं खातं उघडा, काम सोपं होतं. मी वकील नाही. करारात काय लिहिलंय त्यावर बरंच अवलंबून आहे, आणि डॉट इनचे नियम थोडे वेगळे, ती नोंदणी निक्सी ही भारतातली संस्था सांभाळते. पण माझं मत विचाराल तर डोमेन हाती आल्याशिवाय नव्या पॅकेजचा एक रुपया देऊ नका.

होस्टिंग बदलताना नेमसर्व्हर (तुमच्या डोमेनच्या डीएनएस नोंदी जिथे असतात तो सर्व्हर) बदलाल, त्याआधी एमएक्स नोंदी, म्हणजे मेल कुठे पोचवायची ते सांगणाऱ्या, उतरवून घ्या आणि नव्या ठिकाणी भरा. नाहीतर साइट दिसेल आणि ऑर्डरच्या मेल येणं बंद होईल. बदल सगळीकडे पोचायला एक-दोन दिवस लागू शकतात, म्हणून ऐन दिवाळीच्या तोंडावर हात लावू नका. गणपती उठले की करून टाका.