ड्राइव्हवर सगळं आहे, मग डिस्क कशाला?

प्रश्न: घरच्या संगणकावर मुलांचे फोटो आणि हिशेबाच्या फाइली आहेत. सगळं गूगल ड्राइव्हवर आपोआप चढतं. तरी बॅकअपसाठी वेगळी हार्ड डिस्क घ्यावी का?

उत्तर: घ्याच. तुमचं जे चाललंय ते सिंक, म्हणजे दोन्हीकडे सारखंच ठेवणं, आणि सिंक फार आज्ञाधारक असतं. इथे फोल्डर पुसलात की तिथलाही पुसला जातो. ड्राइव्हच्या कचरापेटीत तो ३० दिवस राहतो, पुढे राम राम! ड्राइव्ह बंद करू नका मात्र. घरात चोरी झाली, आग लागली तर तीच प्रत वाचेल.

डिस्क संगणकाच्या दुप्पट क्षमतेची बघा. (पेनड्राइव्हचं नाव काढू नका.) मॅकवर ‘टाइम मशीन’ हा बॅकअपचा प्रोग्राम २००७ पासून आहे, विंडोजवर ‘फाइल हिस्टरी’, दोन्ही फुकट आणि फाइलींच्या जुन्या आवृत्त्याही जपतात. फाइल हिस्टरी मात्र डॉक्युमेंट्स, पिक्चर्स असे ठरावीक फोल्डरच धरते. तुमचे हिशेब डी ड्राइव्हवर असतील, तर तो फोल्डर आधी विंडोजच्या ‘लायब्ररी’त, म्हणजे फोल्डरांच्या यादीत, जोडा.

काम झालं की डिस्क काढून कपाटात ठेवा. जोडलेली राहिली, तर रॅन्समवेअर (फाइली अडवून खंडणी मागणारा व्हायरस) तिच्यावरच्या फाइलीही कुलूपबंद करतं. आणि अधूनमधून एखादा फोटो डिस्कवरून परत आणून, उघडून बघा.