ओल कुठे राहिली?

मिरग आठ दिवसांवर आलाय. आमच्या राजापूरकडच्या घराच्या खळ्यात कोकमाची सालं पसरली आहेत, त्यांच्या शेजारी बिया, आणि पलीकडे धुऊन टाकलेल्या गोधड्या. एक डोळा आभाळाकडे ठेवून तुमची पत्रं वाचते आहे. लोणचं, साबण, काजळ, गोधडी असे विषय वेगवेगळे दिसतात. पण गेली सदतीस वर्षं घरात या वस्तू करताना बिघाड झाला की मी स्वतःला पहिला प्रश्न विचारते तो एकच, ओल कुठे राहिली? बहुतेक पत्रांची उत्तरं तिथूनच सुरू होतात.

काकू, दोन वर्षं झाली, माझं कैरीचं लोणचं श्रावणात बुरसटतंय. प्रमाण आईचंच, वाट्यांनी मोजलेलं. यजमानांना रक्तदाब आहे म्हणून मीठ थोडं कमी करते आणि तेल वाढवते. आईचं लोणचं वर्षभर टिकायचं. वरची बुरशी काढून खालचं खाल्लं तर चालेल का? — एक वाचक, डोंबिवली

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. चालणार नाही. बुरशी वर दिसते, पण तिचे तंतू खाली खारात उतरलेले असतात आणि काही बुरशा विष तयार करतात. बरणी रिकामी करा. जीव हळहळेल, तरीही करा.

आता मिठाचं बघू. लोणचं टिकवतं ते मीठ. ते कैरीतलं पाणी बाहेर ओढतं आणि धरून ठेवतं, म्हणून ते पाणी बुरशीच्या कामाचं राहत नाही. तेल फक्त वरून हवा लागू देत नाही. तुम्ही मीठ कमी करून तेल वाढवलंत, म्हणजे राखणदाराला रजा दिलीत आणि दाराला जाड पडदा लावलात. माझं प्रमाण असं आहे : १ किलो चिरलेल्या फोडींना १८० ग्रॅम मीठ, १०० ग्रॅम मोहरीची डाळ, तिखट-हळद-हिंग-मेथी आपल्या चवीनं आणि पाव लिटर तेल. मीठ १५० ग्रॅमच्या खाली आलं तर ते लोणचं बरणीत ठेवायचं नाही, फ्रीजमध्ये ठेवायचं आणि पंधरा दिवसांत संपवायचं. यजमानांसाठी असं पाव किलोचं ताजं लोणचं अधूनमधून करा. वर्षाच्या बरणीतलं मीठ मात्र कमी करू नका. त्यांच्या पानात फोड लहान वाढा.

वाट्यांबद्दलही एक विचारते. आईकडे बारीक मीठ होतं आणि तुम्ही हल्ली खडेमीठ आणता, असं तर नाही ना? खड्यांमध्ये पोकळी राहते, त्यामुळे वाटीभर खडेमीठ वाटीभर बारीक मिठापेक्षा वजनाला कमी भरतं. वाटी आईचीच राहिली, पण मीठ बदललं. म्हणून मी सगळ्यांना सांगत असते, स्वयंपाकघरात एक वजनकाटा घ्या. भांड्यांच्या सेटपेक्षा तो जास्त उपयोगी पडतो.

आता ओल शोधा. कैऱ्या आख्ख्याच धुवायच्या, कोरड्या फडक्यानं पुसायच्या आणि मगच चिरायच्या. फोडी सुती कपड्यावर सावलीत तीन-चार तास पसरायच्या. फोडणी पूर्ण गार झाल्याशिवाय बरणीत घालायची नाही. कोमट तेल घालून झाकण लावलं की आतून वाफ धरते आणि तिचे थेंब झाकणावरून थेट लोणच्यात पडतात. श्रावणातली अर्धी बुरशी मे महिन्यातल्या या घाईची असते. मोठी बरणी दादरा बांधून वरच्या फळीवर ठेवा, रोजच्यासाठी छोटी काढा. ओला चमचा छोटीत गेला तर नुकसान छोटंच होईल.

दिवाळीचं उटणं घरी करते. यादीत बावची आहे. घालू का? लिंबाचा रसही घालतात म्हणे. — एक वाचक, अकोला

दोन्ही नको. बावचीत असं द्रव्य असतं की ते लावून उन्हात गेलं की कातडी भाजल्यासारखी लाल होते आणि मग काळे डाग पडतात. वैद्य ती देतात ते नेमक्या रोगावर आणि स्वतःच्या देखरेखीत. लिंबाच्या रसाचंही ऊन लागलं की तसंच होतं. मसुराचं पीठ, आंबेहळद, नागरमोथा, कपूरकचरी, वाळा आणि गुलाबपाकळी एवढं पुरे. सगळं कडकडीत वाळवून कुटा, वस्त्रगाळ करा आणि कोरडंच ठेवा. दूध किंवा पाणी अभ्यंगाच्या वेळी वाटीत घालायचं, डब्यात कधीच नाही.

आमच्या बचत गटानं मोबाइलवर बघून खोबरेलाचा साबण केला : एक वाटी तेल, पाव वाटी कॉस्टिक. साबण जमला, पण हात चुरचुरतात. दिवाळीला विकायचा विचार आहे. — दहाजणी, सातारा जिल्हा

हात चुरचुरतात याचा अर्थ साबणात न मुरलेला कॉस्टिक सोडा शिल्लक आहे. तो साबण कुणाला देऊ नका, स्वतःही वापरू नका.

साबण म्हणजे तेल आणि सोड्याचा हिशेब, आणि हा हिशेब वजनाचाच असतो. १ किलो खोबरेलाचा पूर्ण साबण व्हायला १८३ ग्रॅम शुद्ध कॉस्टिक लागतो. तेवढा घालायचा नाही, थोडं तेल मोकळं राहू द्यायचं. पाच टक्के मोकळं ठेवलं तर १७४ ग्रॅम. पण नुसत्या खोबरेलाचा साबण कातडी फार कोरडी करतो, म्हणून अंगाला लावायचा असेल तर मी वीस टक्के तेल मोकळं ठेवते, म्हणजे १४६ ग्रॅम. पाणी ३५० ग्रॅम. शेंगदाणा तेल घेतलं तर किलोच्या पूर्ण साबणालाच साधारण १३५ ग्रॅम पुरतो. म्हणजे तेल बदललं की आकडा बदलला. व्हिडिओतल्या पाव वाटीला यातलं काहीच माहीत नसतं.

कॉस्टिक हळूहळू पाण्यात घालायचा, पाणी कॉस्टिकवर ओतायचं नाही. उलटं केलं तर ते उसळून अंगावर येतं. हे मिश्रण आपोआप इतकं तापतं की हात लावता येत नाही. लांब रबरी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा आणि मोकळी हवा पाहिजे. लहान मुलं आणि मांजरं घरात कोंडा.

भांडं स्टीलचंच. हे मी सांगते ते अनुभवानं. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी स्टीलचा टोप लग्नघरी गेला होता म्हणून मी ॲल्युमिनियमच्या टोपात ते पाणी केलं. भस्सकन फेस आला, टोपाचं बूड काळं पडलं आणि घशात खवखवलं. त्यातून निघणारा वायू हायड्रोजन असतो, पेट घेणारा, आणि दहा पावलांवर माझी चूल पेटलेली होती. सासूबाईंनी मला दंडाला धरून बाहेर ओढलं. आजही घरात ॲल्युमिनियमचं भांडं खणखणलं की मला ती दुपार आठवते.

खोबरेलाचा साबण लवकर घट्ट होतो. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबलात तर कापताना तुकडे पडतील, म्हणून काही तासांतच वड्या पाडा. मग त्या हवेशीर फळीवर चार ते सहा आठवडे राहू द्या. या दिवसांत त्यातलं पाणी उडतं, वडी कडक होते आणि न्हाणीघरात विरघळत नाही. दिवाळीचा साबण त्यामुळे भाद्रपदातच ओतला पाहिजे, आणि भाद्रपदात हवा ओली असते, तेव्हा फळी चुलीच्या खोलीत घ्या.

विक्रीबद्दल. अंगाला लावायचा साबण कायद्यानं सौंदर्यप्रसाधनात मोडतो. विकण्यासाठी बनवायचा तर २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांखाली परवाना लागतो, आणि तो राज्याचं अन्न व औषध प्रशासन देतं. आधी तिथे जाऊन सगळं विचारून घ्या. या दिवाळीला हा साबण तुमच्या दहा घरांत वापरा. दहाजणी मिळून काही उभं करू पाहताय याचा मला फार आनंद आहे, म्हणूनच घाई करू नका असं सांगते.

काकू, माझी लेक दीड महिन्याची आहे. सासूबाई तुपाच्या दिव्यावर ताट धरून काजळ करतात आणि तिच्या डोळ्यांत घालायचं म्हणतात. डॉक्टर नको म्हणाले. सासूबाई म्हणतात, बाजारचं नाही, घरचं शुद्ध आहे. मी मध्ये अडकले आहे. — पुणे

बाळ, डॉक्टरांचं ऐक. काजळात बाजारी भेसळ नसली तरी ती दिव्याची काजळीच. तान्ह्या बाळाची डोळ्यातून नाकात उतरणारी नळी केसासारखी बारीक असते; काजळीनं आणि आपल्या बोटावरच्या जंतूंनी डोळा चिकटतो, सुजतो. काजळानं डोळे मोठे होतात हेही खरं नाही. सुरमा तर घरात आणूच नका, त्यात बऱ्याचदा शिसं असतं.

पण सासूबाईंच्या हातातलं ताट काढून घेऊ नकोस. नातीसाठी दिव्याजवळ बसून काजळ धरणारी बाई तिचं वाईट चिंतत नाही. त्यांना सांग, काजळ धरा आणि तळपायाला तीट लावा. माझ्या नातीला आम्ही तसंच केलं. गालावर लावली की मूल मूठ फिरवून ती डोळ्यात नेतं. तळपायावरची तीट, बाळ पाय तोंडात घालायला लागेपर्यंत, सुरक्षित राहते. तोवर सासूबाईंचंही मन निवलेलं असेल.

आमच्या परसात दोन कोकमाची झाडं आहेत. आमसुलं आणि आगळ करतो, बिया फेकून देतो. आजी त्यांचं मुठेल काढायची. कसं काढतात? — एक वाचक, कुडाळ

हे पत्र वाचून बरं वाटलं. या बियांचं काय करायचं हे विचारणारं पत्र मला पहिल्यांदाच आलं.

सालं काढली की बिया गरासकट एका घमेल्यात घ्या, चोळून धुवा आणि गर निघाला की उन्हात टाका. चांगलं ऊन असेल तर आठवडाभरात आतला दाणा टरफलात खुळखुळायला लागतो. ती खूण. खुळखुळला नाही तर आत ओल आहे, आणि ओला दाणा पावसाळ्यात बुरसटून तेलाला कुबट वास आणतो. वाळलेल्या बिया लाकडी दांड्यानं हलक्या हातानं ठेचा, पाखडून टरफल उडवा आणि दाणे बारीक कुटा. आमच्या सासूबाई उखळातच कुटायच्या. मी मिक्सर वापरते, पण थांबून थांबून फिरवते, नाहीतर भांडं तापून लगदा पात्याला चिकटतो.

हा कूट भरपूर पाण्यात घालून मंद उकळत ठेवा, दोन-तीन तास. वर पिवळसर तवंग जमू लागतो. टोप उतरवून रात्रभर हलवू नका. सकाळी पाण्यावर घट्ट पापुद्रा धरलेला दिसेल. तो अलगद काढून पुन्हा कढवा. तडतड थांबली म्हणजे पाणी उडालं. गाळून कोमट होऊ द्या आणि घट्ट होता होता मुठीत दाबून गोळे वळा. मुठीनं वळतात म्हणून मुठेल. किलोभर वाळल्या बियांत तेल पाव किलोच्या आसपास असतं. घरच्या रीतीनं त्याहून कमी हाती येतं, हे आधीच सांगते, म्हणजे हिरमोड होणार नाही.

हे तेल साध्या हवेत घट्ट राहतं आणि अंगाच्या उबेनं विरघळतं. भेगाळलेल्या टाचांना रात्री नुसतं चोळून मोजे घातले तरी पुरतं. डबीत ठेवायचं मलम हवं असेल तर ६० ग्रॅम तिळाचं तेल, ३० ग्रॅम मुठेल आणि १० ग्रॅम मधमाश्यांचं मेण घ्या. मोठ्या भांड्यात पाणी उकळून त्यात ठेवलेल्या वाटीत तिन्ही विरघळवा आणि कोरड्या डबीत ओता. यात पाण्याचा थेंब नाही, म्हणून ते महिनोन्महिने राहतं. गुलाबपाणी किंवा कोरफडीचा गर त्यात घालण्याचा मोह करू नका. कोरफड ताजीच लावायची. पान कापून उभं ठेवायचं, पिवळा चीक निथळू द्यायचा आणि आतला पारदर्शक गर तेवढा घ्यायचा.

आई गेली. तिच्या सहा सुती साड्या माझ्याकडे आहेत. त्यांची गोधडी शिवायची आहे, पण मी कधी हातात सुई धरलेली नाही. — एक वाचक, एडिंबरा

पहिली गोधडी आहे, तेव्हा चारच साड्या घ्या. सहा थरांतून नव्या हाताला सुई ओढवत नाही. एक सहावारी मधोमध कापून दोन तुकडे कडेला कड जोडले की साधारण सव्वादोन बाय पावणेतीन मीटरचा एक थर होतो. असे चार थर. सगळ्यांत विरलेल्या दोन साड्या मध्ये ठेवा, धडक्या दोन वर आणि खाली. उरलेल्या दोन पुढच्या गोधडीसाठी जपा.

साड्या आधी धुऊन पूर्ण वाळवा. तुमच्याकडे ऊन कमी, म्हणून एक सांगते. हाताला कोरडी लागली तरी साडी आणखी एक दिवस खोलीत उघडी टांगून ठेवा. थरांमध्ये ओल अडकली तर वास आतून येतो आणि मग उसवल्याशिवाय जात नाही. जमिनीवर थर ताणून अंथरा, वीतभर अंतरावर मोठे कच्चे टाके घाला, आणि मग कडेपासून सुरुवात करून चौकोनात आत आत साधा धावदोरा घालत जा. ओळींत दोन बोटांचं अंतर ठेवा. टाके वाकडे येतील, येऊ द्या. रोज तासभर शिवलंत तर थंडी सरेपर्यंत होईल.

वरच्या साडीवर, खांद्याजवळच्या भागात, पदराला पिन लावल्याची बारीक भोकं सापडतील. तिथे ठिगळ लावू नका. धावदोरा त्यांच्यावरून तसाच पुढे न्या.