वाचकांचे प्रश्न : ‘लिटल विमेन’ अर्धवट का संपते?

प्रश्न : मेग, ज्यो, बेथ आणि एमी या चार बहिणींच्या ‘लिटल विमेन’ या कादंबरीच्या माझ्या प्रतीत २३च प्रकरणं आहेत. मेगचं लग्न ठरतं आणि पुस्तक संपतं. मैत्रिणीच्या प्रतीत मात्र पुढे बेथचा मृत्यू आहे. माझी प्रत संक्षिप्त आहे का?

उत्तर : संक्षिप्त नाही, तो पहिला भाग आहे. अमेरिकन लेखिका लुईझा मे अल्कॉटने तो १८६८मध्ये बॉस्टनहून प्रसिद्ध केला. एका नाताळपासून पुढच्या नाताळापर्यंतची ती गोष्ट. तीन वर्षांनंतरचं कथानक सांगणारा दुसरा भाग १८६९मध्ये आला. दोन्ही मिळून ४७ प्रकरणं होतात. ब्रिटनमध्ये दुसरा भाग ‘गुड वाइव्ज’ या नावाने वेगळा विकला गेला, घोळ होतो तो त्यामुळेच. तुम्ही थेट २४व्या प्रकरणापासून वाचा. ज्यो शेजारच्या लॉरीला लग्नासाठी नकार देते ते ३५वं, बेथ जाते ते ४०वं.

प्रत घेताना आणखी एक पाहा : मजकूर मूळचा की १८८०च्या सुधारित आवृत्तीचा? पहिल्याच प्रकरणातलं मार्मीचं, म्हणजे मुलींच्या आईचं, वर्णन उघडा. मूळ मजकुरात ती स्थूल बांध्याची आहे, १८८०मध्ये उंच होते. लॉरीचं लांब नाकही तेव्हाच देखणं झालं! मुलींच्या तोंडची रांगडी बोलीही सफाईदार केली गेली. आम्ही मूळ मजकूरच सुचवू, ज्योचा फटकळपणा त्यात जास्त जिवंत आहे.

मुलांसाठीच्या संक्षिप्त प्रती घ्यायच्याच असतील, तर एमी ज्योचं हस्तलिखित जाळते ते आठवं प्रकरण शाबूत आहे ना, एवढं तपासा.