सुकन्या मोडून इंटरनॅशनल स्कूल? जरा थांबा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, बाकीच्यांनाही कळू दे. मुलगी चौथीत, म्हापशाच्या अनुदानित शाळेत, परीक्षा जवळ आली की पोटात दुखतं, जेवत नाही. म्हणून पाचवीपासून एका ख्रिश्चन इंटरनॅशनल स्कूलमध्ये घालायचंय, तिथे वर्गात मुलं कमी आणि काउन्सेलर आहे. फी 4 लाख, बस 40 हजार, अॅडमिशनचे दीड लाख वेगळे. मिस्टरांच्या हातात येतात 1 लाख 20 हजार, त्यातून हप्ता 38, घरखर्च 45, म्युच्युअल फंडाची एसआयपी 12 हजार. प्लॅन काय, तर एसआयपी बंद आणि मुलीच्या सुकन्या समृद्धी खात्यातून दीड लाख.

सुकन्याचं तर आत्ता होणारच नाही. शिक्षणासाठी पैसे मुलगी 18 ची झाली किंवा दहावी पास झाली तरच, आणि तेही आदल्या आर्थिक वर्षाच्या शेवटच्या शिल्लकीच्या 50 टक्क्यांपर्यंत.

आता फी. बस धरून महिन्याला 37 हजार पडतात, एसआयपी बंद केली तर शिल्लकही 37 हजारच, म्हणजे पहिल्या वर्षी बसतं पण गणेशचवथीला गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायलासुद्धा हात आखडता. वर्षाला 10 टक्के फीवाढ धरा (अशा शाळांत मी तेवढी धरतोच), तर बारावीच्या वर्षी साडेआठ लाख आणि आठ वर्षांचे मिळून 50 लाख होतात. मिस्टरांचा पगार 7 टक्क्यांनी वाढेल हे मीही धरलंय, तरी जवळपास निम्मी वाढ फीच खाते. आणि हीच 12 हजारांची एसआयपी आठ वर्षं चालू राहिली, 10 टक्के परतावा मिळाला, तर साडेसतरा लाखांच्या आसपास जमतात, ते कॉलेजचे पैसे. ते गेले. टॅक्सची आशा पण नको, ट्यूशन फीची वजावट जुन्या टॅक्स रिजीममध्येच आहे, दीड लाखाच्या लिमिटमध्ये, बस आणि डोनेशन त्यात येत नाही. वर केंब्रिजचा बोर्ड असेल तर दहावीला आयजीसीएसईची (त्या बोर्डाच्या दहावीची) परीक्षा फी विषयागणिक वेगळी भरायची.

सासूबाईंना सकाळच्या प्रेयरची काळजी आहे म्हणता, ती सोडा, आपल्याकडे किती हिंदू घरांतल्या दोन-दोन पिढ्या सिस्टरांच्या शाळेत शिकल्यात.

मला खटकतंय ते वेगळं. तुम्ही 50 लाखांत विकत घेताय ते मुलीचं पोट दुखणं थांबणं. ते आधी स्वतंत्रपणे बघा ना. बांबोळीला आयपीएचबी हे सरकारी मानसोपचार हॉस्पिटल आहे, पर्वरीची संगथ ही संस्था 1996 पासून मानसिक आरोग्यात काम करतेय, नाहीतर खाजगी चाइल्ड सायकॉलॉजिस्टचे महिन्याला दोन-तीन सेशन धरले तरी त्या फीच्या मानाने काहीच नाही. आणि आताच्या वर्गशिक्षिकेला भेटा, एखाद्या विषयाचीच भीती असेल, ट्यूशनवालीच ओरडत असेल, घरी मार्कांवरून बोलणं होत असेल, शाळा बदलून यातलं काही जात नाही. उलट दोन वर्षांनी पैसे पुरले नाहीत म्हणून तिला परत गोवा बोर्डात आणावं लागलं तर तो धक्का पोरीलाच.

माझं मत, यावर्षी नको. एसआयपी चालू ठेवा, उरलेल्या 25 हजारांतून आधी सहा महिन्यांचा खर्च एफडीत बाजूला काढा, मग तेच 25 हजार शाळेसाठी वेगळे जमवा. आयजीसीएसई नववी-दहावीचा असतो, त्यामुळे आठवीत परत विचार करता येईल, तेव्हा फीची वर्षंही कमी भरावी लागतील. तोपर्यंत शाळेत जाऊन विचारा की काउन्सेलर रोज असतो की आठवड्यातून एकदा येतो, आणि मागच्या तीन वर्षांची फी लेखी मागा. ती दिली तर मला पाठवा, आकडे परत मांडून देतो.