एमएच्या प्रोजेक्टला घरचाच विषय घेतला तर चालेल का?

बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातनं एका मुलीचं पत्र आलंय. एमए अर्थशास्त्र, दुसरं वर्ष, तिसरं सेमिस्टर चालू आहे आणि रिसर्च प्रोजेक्टचा विषय दिवाळीच्या आत द्यायचाय. तिनं "महाराष्ट्रातील शेतकरी आत्महत्या : एक चिकित्सक अभ्यास" असं लिहून दिलं तर सर म्हणाले लई मोठं आहे, छोटं करून आण. एका सीनियरनं सांगितलं की झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रोजेक्ट मिळतो, वरचं पान बदल आणि बाइंडिंग करून टाक. आई-वडील दरवर्षी ऊसतोडीला जातात. पत्राच्या शेवटी तिनं विचारलंय, "सर, आमच्याच घरचं लिहिलं तर वर्गातली मुलं काय म्हणतील? आणि त्याला संशोधन म्हणतात का?"

पोरी, शेवटचा प्रश्न आधी घेतो. हो, म्हणतात. ऊसतोड मजुरांवर देशाबाहेरच्या माणसांनी येऊन कामं केलीत. यान ब्रेमन नावाचे डच अभ्यासक दक्षिण गुजरातमधल्या ऊसतोड मजुरांवर १९७० च्या दशकापासून लिहीत आलेत, आणि तिथं तोडणीला जाणाऱ्यांत आपल्या खानदेशातली माणसं मोठ्या संख्येनं होती. त्यांना जे समजून घ्यायला हंगामच्या हंगाम कोप्यांवर, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांवर, जावं लागलं त्यातलं निम्मं तुला लहानपणापासून माहितीय. कोयता म्हणजे काय, अर्धा कोयता कुणाला म्हणतात, गाडीसेंटर आणि ट्रॅक्टरटोळीत फरक काय, हे तुला कुणाला विचारावं लागणार नाही. वर्गातली मुलं काय म्हणतील ते म्हणू दे.

आता सर मोठं म्हणाले ते कशामुळं, ते बघ. "महाराष्ट्रातील" म्हणलं की ३६ जिल्हे आले, आणि तू एसटीनं जाऊन जाऊन केज, धारूर, अंबाजोगाई एवढंच फिरणार. "चिकित्सक अभ्यास" म्हणजे नेमकं काय करणार ते त्यात कुठंच नाही. आणि आत्महत्या झालेल्या घरात प्रश्नावली घेऊन जाणं हे एमएच्या पोरीनं एकटीनं, कसलं ट्रेनिंग नसताना करायचं काम नाही असं माझं स्पष्ट मत आहे, त्या घरच्या माणसांच्या बाजूनंही आणि तुझ्याही. मी सगळ्या मुलांना एकच सांगतो, विषयाच्या शेवटी प्रश्नचिन्ह लावून बघा. लागत नसेल तर तो विषय नाही, ते नुसतं पुस्तकाचं नाव झालं.

तुझ्या पत्रात तूच एक ओळ सहज लिहून गेलीस, "दर वाढला म्हणतात पण आमची उचल काय फिटत नाही". उचल म्हणजे टोळी नेणारा मुकादम हंगामाआधी देतो ती आगाऊ रक्कम, जी तोडणीच्या मजुरीतनं फेडायची असते. विषय तिथंच आहे की. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि ऊसतोड संघटनांची बोलणी होऊन तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, पेपरात मोठ्या बातम्या आल्या. टनाला दर वाढला तर उचल लवकर फिटायला पाहिजे, साधं गणित आहे. मग तुझ्या गावात काय झालं? उचल लवकर फिटली का, का मुकादमानं उचलीचा आकडाच वाढवला, का दर वाढूनही टनच कमी भरले कारण ऊस तोडायचं यंत्र, हार्वेस्टर, आलंय किंवा पाऊस कमी झाल्यामुळं हंगाम लवकर आटोपला? हा अर्थशास्त्राचाच प्रश्न आहे. मजुरी आणि कर्ज एकाच माणसाकडनं मिळतं तेव्हा काय होतं, याच्यावर शेतमजुरीच्या अर्थशास्त्रात भरपूर लिखाण आहे, सरांना "इंटरलिंक्ड मार्केट" एवढं म्हण, ते लगेच ओळखतील. विषय असा लिही : "तोडणी दरवाढीनंतर उचल फेडण्याच्या कालावधीत झालेला बदल : केज तालुक्यातील दोन गावांचा अभ्यास". दोनच गावं घे. चाळीस घरं नीट झाली तर एमएला पुष्कळ झाली.

पण इथं एक अडचण आहे आणि तिच्यापायी कित्येक मुलांचे प्रोजेक्ट फसतात. तुझं कॅलेंडर आणि मजुरांचं कॅलेंडर उलटं आहे. दसरा-दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात, कुणी सांगली-कोल्हापूरला, कुणी कर्नाटकात, आणि परत येतात मार्च-एप्रिलला. तुझं तिसरं सेमिस्टर विषय आणि सिनॉप्सिसमध्ये जाणार, चौथ्यात फिल्डवर्क करायचं म्हणून तू जानेवारीत वही घेऊन गावात जाशील तर निम्म्या घरांना कुलूप, नाहीतर दारात म्हातारी आणि दोन लेकरं. एप्रिलमध्ये माणसं येतील तेव्हा तुझं सबमिशन तोंडावर आलेलं असेल. म्हणून सिनॉप्सिस पास व्हायची वाट बघत बसू नको. टोळी निघायच्या आधी, म्हणजे आत्ता, जेव्हा उचल घेऊन झालीय आणि माणसं अजून घरी आहेत, तेव्हाच पहिली फेरी कर. आत्ताची उचल किती, गेल्या हंगामाची बाकी किती आणि दरवाढीच्या आधीच्या हंगामाचं आठवतं तेवढं, इतकं आत्ताच लिहून घे. दुसरी फेरी एप्रिलला, ती फक्त त्याच चाळीस घरांची, टन किती झाले आणि फिटली का एवढंच विचारायला. मधल्या काळात वाचन आणि पहिली दोन प्रकरणं. सरांना आधी सांगून कर, म्हणजे नंतर गैरसमज नको.

आणि जर हे काही कारणानं जमलंच नाही, टोळ्या निघून गेल्या, तर रडत बसू नको, प्रश्न बदल. गावात जे मागं राहतात त्यांचं बघ. आई-बाप कारखान्यावर गेल्यावर मुलांना गावातच ठेवायला शाळेत हंगामी वसतिगृह चालवतात, ते तुझ्या गावात चालू आहे का, किती मुलं खरंच थांबतात, कोणाची मुलगी थांबते आणि कोणाची लहान भावाला सांभाळायला सोबत जाते. ही माणसं जानेवारीत गावातच असतात. शाळेचं हजेरीपत्रक हेडमास्तरांच्या परवानगीनं बघता येतं.

प्रश्नावलीचं सांगतो, कारण खरी मेख तिथंच आहे. "आपले वार्षिक उत्पन्न किती?" हा प्रश्न सगळ्या तयार प्रश्नावल्यांत असतो आणि त्याचं उत्तर माणसं तहसीलच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर आहे तेच सांगतात, तो आकडा टेबलात घालून तू ॲव्हरेज काढशील आणि ते सगळं पाण्यात. त्याऐवजी त्यांच्या भाषेत विचार. औंदा उचल किती घेतली. जोडीनं का एकट्यानं. कधी घेतली, आखाडात का दसऱ्याला, कारण आखाडात पैसा लागतो तेव्हा घेतलेली उचल आणि निघताना घेतलेली उचल यांच्या अटी वेगळ्या असू शकतात. दिवसाला किती टन जातंय. खाडा, म्हणजे कामाला न गेलेला दिवस, किती पडला आणि खाड्याचे किती कापले. लग्नासाठी घेतली, दवाखान्यासाठी घेतली का घरासाठी. आणि वाढे विसरू नको. उसाचा शेंडा बांधून बायका जी वाढ्याची पेंढी विकतात, तो पैसा मुकादमाच्या हिशोबात कुठंच येत नाही, किराणा मात्र कितीतरी घरांत त्याच्यावर चालतो, आणि बाप्यांना विचारलं तर ते सांगणारच नाहीत, त्यांच्या ध्यानातच येत नाही. म्हणून प्रत्येक घरात बाईशी वेगळं बोल. तू मुलगी आहेस, तुला स्वयंपाकघरात बसता येतं. ॲव्हरेज नुसती काढू नको, कुणाची उचल सगळ्यात जास्त राहिली आणि का, ते एका-एका घराचं लिही, चाळीस घरांत हेच जास्त बोलतं. आणि गूगल फॉर्मच्या नादी लागू नको, कागदावर लिहून घे आणि रात्री घरी आल्यावर एक्सेलला चढव, त्याच दिवशी, चार दिवसांनी तुलाच तुझं अक्षर लागणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुझे आई-वडील ज्या मुकादमाकडं जातात त्याच मुकादमाची टोळी तू अभ्यासणार आहेस. उद्या प्रोजेक्टमध्ये त्याचं नाव छापून आलं आणि कॉलेजमधनं कुणीतरी त्याला दाखवलं तर पुढच्या हंगामाला तुमच्या घराला त्रास होईल, दुसऱ्या घरांनाही होईल. म्हणून पहिल्या दिवसापासून नावं लिहायचीच नाहीत. घर १, घर २, मुकादम क, गाव अ. नावांची चिठ्ठी वेगळी, ती प्रोजेक्टला जोडायची नाही. प्रत्येकाला आधी सांग की मी एमएची मुलगी आहे, हे कॉलेजसाठी आहे, याच्यातनं तुम्हाला सरकारी पैसे-बिसे काही मिळणार नाहीत, नको असेल तर नाही म्हणा. आणि स्वतःच्या घराला चाळिसात धरू नको. घरचं तुला माहिती आहे ते प्रश्न तयार करायला वापर, प्रश्नावली आईवर आधी वापरून बघ, तीच सांगेल की हे असं कुणी विचारत नसतं.

२०१९ ला बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशवी काढायच्या ऑपरेशनांचा विषय गाजला, सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली. तुला वाटेल तो घ्यावा. कळकळीनं सांगतो, एमएला नको. विषय फार मोलाचा आहे, पण त्याला दवाखान्याचे कागद लागतात, बायांचा वर्षानुवर्षांचा विश्वास लागतो. पुढं पीएचडीला गेलीस तर तेव्हा बघू.

वाचायचं काय, तर शोधगंगा उघड, फुकट आहे, तिथं विद्यापीठांचे पीएचडीचे प्रबंध पूर्ण ठेवलेले असतात, मराठीतलेही आहेत. "ऊसतोड" टाकून शोध. आख्खा प्रबंध वाचायची गरज नाही, शेवटचं प्रकरण आणि संदर्भसूची वाच, लोकांनी काय केलंय आणि काय राहिलंय ते तिथं कळतं. गावाच्या आकड्यांना २०११ च्या जनगणनेचं बीडचं जिल्हा पुस्तक आहे, जुनं झालंय पण वेबसाइटवर गावनिहाय मिळतं, वर्ष लिहून वापर. ऊसतोड कामगारांची नोंदणी करून ओळखपत्र द्यायचं काम ग्रामसेवकांकडं दिलेलं आहे, तुझ्या दोन गावांत किती जणांची नोंद झाली ते ग्रामपंचायतीत विचार, तोंडी नाही सांगितलं तर माहिती अधिकाराचा अर्ज टाक, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं त्यांना. म्हणजे हाही अर्ज आत्ताच. उचलीचा कायदेशीर भाग लिहायचा झाला तर १९७६ चा वेठबिगार निर्मूलनाचा कायदा वाच, कर्नाटकात जाणाऱ्यांसाठी १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित मजुरांचा, तो नोव्हेंबर २०२५ पासून २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत गेलाय. चॅटजीपीटीला संदर्भ मागू नको, नसलेली पुस्तकं आणि नसलेली पानं अगदी छातीठोकपणे देतं, आणि तोंडी परीक्षेला बाहेरच्या सरांनी एक जरी विचारलं तर तू अडकशील.

झेरॉक्सच्या दुकानातल्या प्रोजेक्टचं एवढंच सांगतो. यूजीसीचे २०१८ चे नियम आहेत, १० टक्क्यांच्या वर जुळणारा मजकूर निघाला की परत लिहून द्यावं लागतं, ६० च्या वर गेलं तर नोंदणी रद्द करण्यापर्यंत जातं, आणि पीएचडीइतकेच ते एमएच्या प्रबंधालाही आहेत, नुसत्या प्रोजेक्ट रिपोर्टला त्यात सूट असली तरी. ते सोड. तुला पुढं नोकरी कुठं लागू शकते ते बघ, सर्व्हे करणाऱ्या संस्था, कंपन्यांच्या सीएसआरची (समाजकार्याची) कामं, पाणी-शेतीचे प्रकल्प, तिथं मुलाखतीला पहिला प्रश्न असतो की फिल्डवर काय काम केलंय. चाळीस घरांची वही असलेली मुलगी तिथं दहा मिनिटं न अडखळता बोलते. पीएचडीचं मनात असेल तर २०२४ पासून नेटचा स्कोअर पीएचडी प्रवेशालाही चालतो, बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या फेलोशिप आहेत, तुझ्या प्रवर्गाला कुठली लागते ते बघून ठेव.

सरांकडं जाताना पाच विषयांची यादी नेऊ नको. एक पान ने. वर प्रश्न, खाली कोणाला विचारणार, कधी विचारणार, कोणते कागद मिळतील आणि काय नाही मिळणार. आधी आई आणि शेजारच्या दोन बायांशी बोल, त्या काय म्हणाल्या ते त्याच पानावर खाली लिही. सर एखादा शब्द बदलायला सांगतील, विषयाचं नाव थोडं फिरवतील, फिरवू दे. फक्त गावं दोनच राहू दे आणि पहिली फेरी दिवाळीच्या आधीच, एवढ्यावर अडून बस. प्रश्नावली मराठीत तयार झाली की मला पाठव, मी बघून देतो, पण टोळी कधी निघणार ती तारीख आधी मुकादमाला विचारून घे आणि तिच्यावरनं मागं मोजत ये.